कॅडीज फ्लॅटची म्हातारी

१

रविवारी सकाळी म्युझियमचं दार उघडून ऑब्री लॅनियन आत आले. म्हातारी जागेवर नाही हे पाहून त्यांनी आधी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ झाला तरी म्हातारी दिसेना. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली, अवघडलेला उजवा पाय लांब केला आणि मर्ल पास्कोला फोन लावला.

म्हातारी म्हणजे एक दगड. पांढऱ्या गारेचा, कलिंगडाएवढा, शाल पांघरून वाकलेल्या बाईच्या आकाराचा. त्या शालीच्या काठाकाठाने सोन्याची जाड नस गेलेली. ज्या सोन्यापायी कॅडीज फ्लॅट हे गाव वसलं ते सोनं केव्हाच मेलबर्नच्या बँकांत जाऊन बसलं होतं. गावाच्या हाती उरली एवढी म्हातारी, बुजत आलेल्या खाणी आणि सुट्टीच्या दिवशी त्या खाणी बघायला येणारे लोक.

मर्ल या गावात वीस वर्षं सार्जंट होती. आता ती निवृत्त होऊन गुलाब लावत होती, आणि गुलाब काही तिला दाद देत नव्हते. तरी गावात काही हरवलं की फोन तिलाच यायचा, कारण ठाणं आता कॅसलमेनला हललं होतं आणि तिथून माणूस यायचा म्हणजे मंगळवार उजाडणार. ती चालतच म्युझियममध्ये पोचली.

"कुलूप फोडलंय?"

"कुठलं! मागचं दार उघडं होतं. काचेचं झाकण उचलून नीट बाजूला ठेवलंय. ओरखडासुद्धा नाही," लॅनियन म्हणाले.

"आणि किल्ली?"

"जिरेनियमच्या कुंडीखाली. जागच्या जागी."

"म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक असलेल्या जागी," मर्ल म्हणाली.

लॅनियननी तो टोमणा ऐकला न ऐकलासा केला. "किल्लीचं सोडा हो. काल संध्याकाळी सगळं गाव हॉलमध्ये नाचायला जमलं होतं. फक्त या शेजारच्या ओपलबाई घरी होत्या. त्यांनी मागच्या बोळात गाडी ऐकली, खिडकीतून पाहिलीसुद्धा. लाल ट्राइक, ती तीन चाकांची. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे तोंड दिसलं नाही. पण तोंड दिसायची गरज काय? गावात लाल ट्राइक आहे कुणाची?"

गावात काय, आसपासच्या साऱ्या मुलखात लाल ट्राइक एकच होती, आणि ती ट्रुडी हॉकिंगची होती.

"उद्या संध्याकाळी कमिटी बसतेय," लॅनियन म्हणाले. "त्या पोरीच्या सहली म्युझियमच्या अंगणातून सुटतात त्या आमच्या परवान्यावर. तो परवाना उद्याच्या उद्या रद्द होणार. सहा महिने आत राहून आलेल्या मुलीवर आपण विश्वास ठेवला हेच चुकलं. आणि तिला आत कुणी धाडलं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको."

नकोच होतं. एकोणीस वर्षांच्या ट्रुडीला चोरलेल्या मोटारीतून हाताला धरून उतरवलं होतं ते मर्लनेच.

२

ट्रुडीची शेड जुन्या स्टेशनामागे होती. मर्ल तिथे पोचली तेव्हा ट्रुडी गाडी धूत होती. गाडी म्हणजे पुढून मोटारसायकल आणि मागून मोटार: मागे जाडजूड दोन चाकं, त्यांच्यामध्ये आरामखुर्चीसारख्या दोन जागा आणि त्याखाली डिकी. पुढे ट्रुडी बसायची, मागे पाहुणे. मॉल्डनपर्यंत खाणींच्या गावागावांतून फिरवून आणायचं, वाटेत कुठे मटण-बटाटा भरलेली पेस्टी खायला घालायची, कुठे ओढ्यात थाळी घुसळून सोनं शोधायला लावायचं. गेल्या वर्षापासून तिचं बरं चाललं होतं. शेडच्या दारावर तिने स्वतःच्या हाताने नावाची पाटी रंगवली होती.

"या, सार्जंट," ट्रुडी मागे न वळताच म्हणाली. "उशीर केलात. मला वाटलं, नाश्त्याआधीच याल."

"म्हणजे तुला कळलंय."

"पाव आणायला गेले होते. दुकानात मी शिरले आणि बोलणं बंद पडलं. मी काय बहिरी आहे?"

"काल संध्याकाळी कुठे होतीस?"

"तळ्यावर. एकटी. मासा एक मिळाला, तोही सोडून दिला. साक्षीला तो यायचा नाही."

"नाचाला का नाही गेलीस?"

ट्रुडीने फडकं पिळलं. "मी भिंतीला टेकून उभी राहते आणि बायका आपापल्या पर्सा मांडीवर घेतात. करमणूक म्हणून एकदा बघितली, दरवेळी कशाला बघायची?"

दाराच्या मागे खिळ्याला ट्राइकची किल्ली लटकत होती. शेडला कडी होती, कुलूप नव्हतं. या गावात कुलपं लागतात ती पाहुणे यायच्या दिवशी.

"तळ्यावर कशाने गेलीस?"

"सायकलने. परत आले तेव्हा गाडी इथेच होती. पण डिकी पांढऱ्या धुळीने भरली होती, आणि चाकांना खाणीकडचा लाल चिखल. मी चिखलाने माखलेली गाडी कधी उभी करत नाही, सार्जंट. पाहुणे बसतात तीत."

"आणि तू ते सगळं धुऊन काढलंस?"

ट्रुडी थांबली. आपण काय करून बसलो हे तिच्या आत्ता ध्यानात आलं असावं, कारण हातातला पाइप तसाच वाहत राहिला. "दगडाचं तेव्हा कुठे माहीत होतं मला?" ती हळूच म्हणाली. "हा परवाना गेला तर मला दुसरं कोण उभं करणार आहे, सांगा ना?"

मर्ल वाकून मागच्या डाव्या चाकाकडे पाहत होती. रबराच्या आतल्या कडेला, पाणी न पोचलेल्या जागी, तपकिरी रंगाचा एक फराटा उमटला होता. बोटाने घासला तर बोट तपकिरी झालं, आणि त्याला बुटाच्या पॉलिशचा वास येत होता.

३

ओपलबाईंना ऐकू कमी येतं असा गावाचा समज होता. तो त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी पसरवला होता.

"गाडी आली, थांबली, मग गेली," त्या म्हणाल्या. "जाताना कोपऱ्यावरच्या ‘थांबा’ लिहिलेल्या पाटीशी पुन्हा थांबायला गेली आणि तिथे एक कुत्रं केकाटलं. काय जोरात केकाटलं! मला वाटलं, गेलं बिचारं चाकाखाली."

"कुत्रं पाहिलंत?"

"नाही गं. गाडी थोडा वेळ तशीच उभी होती, मग निघून गेली."

मर्लने दुपारपर्यंत गावातली सगळी कुत्री पाहून घेतली. सगळी धडधाकट होती, आणि त्यातल्या एकाने तिचा मोजा फाडून तशी खात्रीही पटवली.

मग तिने पब गाठला. शनिवारच्या सहलीतला एक पाहुणा तिथे मुक्कामाला होता. फर्गस मूडी नावाचा मेलबर्नचा दातांचा डॉक्टर. म्हातारीचं वजन किती, हे त्याने काल म्युझियममध्ये दोनदा विचारलं होतं.

"विचारलं खरं," तो ओशाळून म्हणाला. "सवय हो. सोनं दिसलं की त्यात किती दात होतील हे मनात येतंच." संध्याकाळभर तो नाचात होता, आणि याला साक्षीदार भरपूर होते, कारण त्याने निम्म्या गावाच्या बायकांचे पाय तुडवले होते. शिवाय मोटारसायकल म्हणाल तर तो तिला घाबरायचा. मागे बसूनसुद्धा त्याने सगळी वाट डोळे मिटून काढली, असं त्याची बायको सांगत होती.

लॅनियन स्वतः नाचाला अर्धाच वेळ होते. पायाला गाऊट झाला आहे, उजवा अंगठा टम्म सुजला आहे, म्हणून लवकर घरी गेलो, असं त्यांचं म्हणणं. म्हातारी शहरातल्या मोठ्या म्युझियमला कायमची देऊन टाकायची आणि त्या बदल्यात गावच्या म्युझियमचं छप्पर नवं करून घ्यायचं, हा ठराव त्यांचाच. शहराचा ट्रक सोमवारी दुपारी यायचा होता.

"मग मी कशाला चोरू?" ते म्हणाले. "उलट ट्रुडीचाच या ठरावाला विरोध होता. म्हातारी गेली की तिचे पाहुणे गेले. आता घ्या समजून."

समजून घेण्यासारखं होतं, हेच वाईट होतं. विचार करत मर्ल चढ चढून डेन्झिल ट्रेलोरच्या घरी गेली.

डेन्झिल तिच्या नवऱ्याचा, विल्फचा, जिवलग मित्र. दोघांनी मोटारसायकलींवर अर्धा देश पालथा घातला होता. विल्फ गेला, डेन्झिलची मोटारसायकल मात्र त्याची सत्तरी उलटली तरी चालूच होती. त्याची पिकअप गॅरेजात पडून आठवडा झाला होता, तरी त्याने कुणाकडे मोटार मागितली नव्हती.

आज तो स्वयंपाकघरात बसला होता आणि डावा पाय बर्फाच्या बादलीत होता.

"काय रे हे?"

"लाकूड फोडत होतो. ओंडका पडला पायावर. वय झालं, दुसरं काय? बस. केशराचा केक आहे, घे."

मर्लने केक घेतला. ओसरीवर लाकडाची रास असायची तिथे मांजर पाय पसरून झोपलं होतं. भिंतीवर डेन्झिलच्या पणजोबांचा फोटो होता. म्हातारी खाणीतून काढली ती त्यांनीच. तिला गावाबाहेर पाठवायच्या ठरावाविरुद्ध कमिटीत एकच हात वर झाला होता, तो डेन्झिलचा.

तिने त्याला सगळं सांगितलं: ट्राइक, ओपलबाई, उद्याची बैठक.

"त्या तीनचाकीला मी हातसुद्धा लावणार नाही," डेन्झिल म्हणाला. "बाबागाडी आहे ती. मोटारसायकल म्हणायची लाज वाटते." मग जरा थांबून म्हणाला, "पण पोरीला काही करणार नाहीत ना?"

"उद्या तिचा परवाना काढून घेतील. परवा पोलीस येतील."

डेन्झिलने मान खाली घातली आणि बादलीतला बर्फ बोटाने ढवळत राहिला.

४

सोमवारी सकाळी मर्ल पुन्हा शेडवर गेली. "मला फिरवून आण," ती म्हणाली. "म्युझियमच्या मागच्या बोळातून निघायचं, कोपऱ्यावर वळायचं आणि खाणीच्या रस्त्याला लागायचं."

"तिकीट पडेल," ट्रुडी म्हणाली, पण हेल्मेट काढून दिलं.

मर्लने आयुष्यभर विल्फच्या मागे बसून प्रवास केला होता. वळण आलं की अंग आपोआप त्या बाजूला झुकायचं. ट्राइकवर पहिल्याच वळणाला ती झुकली आणि गाडी मात्र मोटारीसारखी ताठच राहिली. आपण एकट्याच कुणाला नमस्कार करतोय असं तिला वाटलं. एप्रिलचं ऊन होतं, निलगिरीचा वास येत होता. फाटकात उभा असलेला मेंढपाळ नेहमी एक बोट उचलून रामराम करायचा, त्याने आज ट्रुडीला पाहून हात खिशात घातला. ट्रुडीने मात्र बोट उचललं.

कोपऱ्यावर, ओपलबाईंच्या खिडकीच्या पुढे, ती ‘थांबा’ लिहिलेली पाटी होती. तिथे जरासा उतार होता. ट्रुडीने गाडी थांबवली. मर्लचं लक्ष तिच्या बुटांकडे गेलं. दोन्ही बूट जिथल्या तिथे, पाय ठेवायच्या पावठ्यांवर.

"तू पाय टेकवला नाहीस," मर्ल म्हणाली. "विल्फ दर थांब्याला डावा पाय टेकवायचा."

"त्याची दोनचाकी होती, पाय टेकवला नाही तर आडवी व्हायची. ही कुठे पडतेय? आणि इथे पाय खाली सोडला तर मागून चाक येतंच. टाच पकडतं आणि घेतं पाय खाली."

"नवख्या माणसाचं असं होत असेल, नाही?"

"नवख्याचं? छे." ट्रुडी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी. "नवख्याला सवयच नसते, तो पाय वरच ठेवतो. या दातांच्या डॉक्टरला बसवा, आपल्या लॅनियनसाहेबांना बसवा, मोटारीत बसल्यासारखे बसतील. पाय चिरडून घेतात ते जन्मभर दोनचाकी चालवलेले. डोक्याला कळत असतं हो, पायाला कळत नाही. गाडी थांबायला आली की पाय आपला आपण खाली जातो."

मागून आलेल्या दुधाच्या गाडीने हॉर्न दिला, तरी मर्ल तशीच बसून होती.

"सार्जंट? बरं वाटत नाही का?"

"नाही वाटत," मर्ल म्हणाली. "खाणीचा रस्ता राहू दे. मला डेन्झिलकडे सोड."

५

ट्रुडी फाटकाशी थांबली. मर्ल आत गेली आणि न विचारता खुर्ची ओढून बसली.

"कोपऱ्यावर कुत्रं केकाटलं असं ओपलबाई म्हणतात," ती म्हणाली. "गावातल्या एकाही कुत्र्याला लागलेलं नाही. चाकाला तपकिरी पॉलिश लागलंय. तुझे बूट तपकिरी. पाय दुखतोय दोघांचा, तुझा आणि ऑब्रीचा. पण ऑब्री आयुष्यात मोटारसायकलवर बसला नाही. तो ट्राइकवर बसला असता तर त्याचा पाय खाली आलाच नसता. आणि लाकूड फोडताना लागलं म्हणालास. तुझी लाकडं थंडीच्या तोंडावर, मे महिन्यात येतात, डेन्झिल. ओसरीवर मांजर झोपलंय."

डेन्झिलने नाकारायचा प्रयत्नही केला नाही. उलट त्याचे खांदे सैल पडले.

"मोटारसायकलवर तो दगड बांधता येईना," तो म्हणाला. "पिकअप गॅरेजात. ट्रक आज येणार. पोरीची किल्ली खिळ्याला असते हे ठाऊक होतं. जाऊन येऊन घटकाभराचं काम. त्या कोपऱ्यावर असा कळवळलो, पण पुढे गेलो."

"कुठे आहे म्हातारी?"

"खाणीच्या तोंडाशी. कुंपणाच्या आत." तो फोटोकडे पाहत होता. "पणजोबांनी तिला ज्या दिवशी बाहेर धाडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी खाणीत पाणी शिरलं. ते अजून तिथेच आहेत, मर्ल. कुणाला काढता आले नाहीत. आमच्या घरात सगळ्यांना कबर आहे, त्यांना नाही. त्यांच्या नावाचा दगड म्हणायचा तर हीच. आणि ऑब्री तो छपराच्या पत्र्यांसाठी देऊन टाकतोय."

मर्लला वाईट वाटलं. विल्फला तिने टेकडीवर पुरलं होतं. दर रविवारी तिथे जाऊन बसायला जागा असते म्हणजे काय असतं, हे तिला ठाऊक होतं. पण खिडकीतून फाटक दिसत होतं, आणि फाटकाशी ट्रुडी हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती.

"हे तू कमिटीपुढे म्हणाला असतास तर मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते," ती म्हणाली. "पण काल मी इथे बसून सांगितलं की पोरीवर आळ आलाय. तू विचारलंस, तिला काही करणार नाहीत ना. आणि मग मला केकचा दुसरा तुकडा दिलास."

"ट्रक रिकामा परत गेला की बोलणारच होतो. एका दिवसाचा तर प्रश्न होता."

"तो दिवस तिचा होता, डेन्झिल. तुझा नव्हता."

डेन्झिलने तोंडावरून हात फिरवला. "ती चोर आहे असं लोक लगेच मानतील असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच म्हणाला, "नाही. वाटलं होतं. मी ते मनात येऊ दिलं नाही."

मर्ल बाहेर आली. तिचा चेहरा पाहून ट्रुडी गाडीवरून उतरली.

"हा?" तिने घराकडे बोट दाखवलं. "गावात माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारणारा हा एकटा आहे."

"संध्याकाळी हॉलवर ये," मर्ल म्हणाली. "त्याच्या तोंडूनच ऐक."

६

शहराचा ट्रक दुपारी आला आणि रिकामा गेला; म्हातारी कुठे आहे ते डेन्झिलनेच सांगावं म्हणून मर्लने ते कुणाला कळवलं नव्हतं. संध्याकाळी हॉल भरला. चहाचं भांडं उकळत होतं, टेबलावर खोबऱ्यात घोळवलेले चौकोनी केक मांडले होते. लॅनियननी परवान्याचा विषय काढायला घसा खाकरला, आणि त्याच वेळी डेन्झिल ट्रेलोर काठी टेकत पुढे गेला.

त्याने सगळं सांगितलं. पणजोबांचं शेवटी सांगितलं, आधी ट्रुडीचं सांगितलं. "त्या मुलीने काही केलेलं नाही," तो म्हणाला. "तिची गाडी मी न विचारता नेली आणि तिच्यावर आळ आला तेव्हा मी घरी बसून राहिलो. चोरीचं पोलीस काय ते बघतील. या दुसऱ्या गोष्टीची मी तिची माफी मागतो. तिने नाही दिली तरी चालेल."

हॉलमध्ये एकदम सगळेच बोलायला लागले. म्हातारी परत आणायची की तिथेच राहू द्यायची, यावर दोन तट पडले. खाणीच्या तोंडाशी पक्कं कुंपण घालून दगड तिथेच बसवावा, असं ओपलबाईंनी सुचवलं, आणि एरवी त्यांना ऐकू येत नाही असं मानणाऱ्यांनीही ते ऐकून घेतलं. छपराचं काय, असं लॅनियन विचारत राहिले. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. ट्रुडीचा परवाना मात्र त्यांनी घाईघाईने पुढे केला. "आम्हाला तुझ्याबद्दल शंका नव्हतीच गं," ते म्हणाले. दुकानदारीणबाई म्हणाल्या, त्यांना पहिल्यापासून खात्री होती. एकामागून एक सगळ्यांनाच पहिल्यापासून खात्री होती.

ट्रुडीने परवाना घेतला, घडी करून जाकिटात ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. मर्ल तिच्यामागोमाग गेली.

"एक विचारू, सार्जंट?"

"विचार."

"रविवारी तुम्ही सगळ्यात आधी माझ्या शेडवर आलात. ते काय, चोर शोधायला की मला पकडायला?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. आत सगळं गाव तेच करत होतं, आणि ट्रुडीला ते ऐकून बरंही वाटलं असतं. मर्लने पायरीचा कठडा धरला.

"तुला पकडायला," ती म्हणाली. "चाकाकडे बघेपर्यंत मला वाटत होतं की तूच."

ट्रुडीने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत. "बरं झालं सांगितलंत. आत सगळ्यांचं ऐकून मला वाटायला लागलं होतं की काल जे झालं ते मला स्वप्नातच दिसलं."

आत कुणीतरी कपबश्या वाटायला सुरुवात केली होती. दारातून उजेड पायरीवर येत होता.

"चला घरी सोडते," ट्रुडी म्हणाली, आणि मग मध्येच थांबली. "नको. आत चहा आहे ना? मग मी का बाहेर उभी राहू?"

ती आत गेली. भिंतीशी न थांबता खुर्च्यांच्या अगदी मधल्या रांगेत गेली आणि लॅनियनबाई व दुकानदारीणबाई यांच्यामध्ये एक जागा रिकामी होती तिथे बसली. दुकानदारीणबाईंची पर्स त्या खुर्चीवर होती. ट्रुडीने ती उचलून त्यांच्या हातात दिली आणि आपल्याला दोन चमचे साखर लागते असं चहा वाटणाऱ्याला सांगितलं.